सही थॅक्स्टरसाहेबांची

बोस्टनपासून शंभर मैलांवरच्या आमच्या हार्लो फॉल्स गावात ज्या घरातल्या माणसाने मागांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली, त्या घराच्या बैठकीत एक पत्र टांगलेलं असतं. काचेची चौकट, वर कारखान्याचं चित्र, मध्ये टाइप केलेला मजकूर आणि खाली जोसाया थॅक्स्टर यांची झोकदार सही. आयरिश घरांत ते येशूच्या तसबिरीशेजारी असतं, आमच्या कॅनडाकडून आलेल्या फ्रेंच घरांत घड्याळाच्या वर, आणि पोलिश लोक तर ईस्टरच्या आधी चर्चमधून आणलेली डहाळी त्याच्यामागे खोचतात. मागावरचा एक धागा तुटला की अख्खा माग जागच्या जागी थांबवणारा खटका थॅक्स्टरसाहेबांनी शोधून काढला. तेव्हापासून कुठल्या कुठल्या देशांतल्या गिरण्यांत त्यांचं नाव पोचलं. अशा माणसाने आपल्या बापाला दोन ओळी लिहिल्या, याचं लोकांना अप्रूप वाटणारच.

त्यातली एकही ओळ साहेबांची नाही. सहीसुद्धा त्यांची नाही. हे आज लिहिते आहे, कारण ज्यांच्याकडे त्यातलं सगळ्यात मोलाचं पत्र होतं त्या मिसेस मझूर गेल्या डिसेंबरात वारल्या आणि आता ज्याचं काही बिघडेल असं कुणी उरलं नाही. शिवाय मीही बासष्टची झाले, गुडघे गेलेत, आणि हे ओझं घेऊन आणखी जिने चढायची माझी तयारी नाही.

पत्रं लिहायची होनोरा टियर्नी. तिचा बाप कारखान्याच्या घोडागाड्या हाकायचा. आई लवकर गेली आणि चार भावांचं करता करता होनोराचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणी विचारलं नाही, भावांनी तर नाहीच. नन्सच्या संध्याकाळच्या वर्गात ती टायपिंग शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी साहेबांच्या कचेरीत लागली. मी तिच्या हाताखाली आले १९०५ साली, सतरा वर्षांची, इंग्रजी मोडकंतोडकं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ऑरेली, इथं तीन गोष्टी पाळायच्या. नखं स्वच्छ, तोंड बंद, आणि वहीत दाबल्याशिवाय पत्र पाकिटात जायचं नाही."

ही वही म्हणजे पातळ कागदाची जाडजूड वही. पान ओलं करायचं, त्याला लागून पत्र ठेवायचं, वही लोखंडी दाबयंत्रात सरकवून चाक फिरवायचं. शाई पानावर उमटायची आणि नक्कल कचेरीत राहायची. पुढे कार्बन कागद आले, तरी होनोराने वही सोडली नाही. पत्र दाबलं नाही तर तिला जेवण जायचं नाही.

साहेब सगळा दिवस खाली कार्यशाळेत, कोपरापर्यंत वंगणात. दुपारी वर यायचे, गालिचा खराब होऊ नये म्हणून दारातच उभे राहायचे आणि पत्रं सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, तर "न्यूयॉर्कच्या त्या गाढवाला कळव, नाही." किंवा "लॉवेलवाल्यांना कळव, पुढच्या महिन्यात." झालं पत्र! यंत्राशी बोलायला बसले तर दिवस पुरायचा नाही, पण माणसासाठी दोन वाक्यं जुळवायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा. त्यांच्या एका "नाही"चं होनोरा पानभर सभ्य पत्र करायची. सुरुवातीला ती सहीसाठी पत्रं खाली पाठवायची. ती काळ्या अंगठ्याच्या ठशासकट वर यायची आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागायचं. शेवटी साहेबच वैतागले.

"तूच करत जा ना सही. कुणाला कळतंय?"

तिने एका कागदावर करून दाखवली. साहेबांनी कागद दूर धरून बघितला. "च्यायला," ते म्हणाले, "माझ्यापेक्षा हीच माझ्यासारखी आहे."

मी लागले त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. साहेबांचं नाव होनोराच्या हाताने इतक्या वेळा लिहिलं गेलं की साहेबांनी स्वतः कधी सही केली तर बँकेतून विचारणा यायची.

पंचवीस वर्षांच्या पत्राची कल्पनाही तिचीच. ज्या माणसाचं पत्र असेल त्याच्या यंत्रापाशी ती आदल्या आठवड्यात जाऊन अर्धा तास उभी राहायची. नुसती बघायची. माझे बाबा भट्टीवर होते. त्यांच्या पत्रात तिने लिहिलं, "सकाळी वळणावरून तुमचा धूर दिसला की कारखाना जागा आहे हे कळतं आणि पावलं उचलतात." बाबांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. "बघितलंस पोरी, एवढा मोठा माणूस, पण माझ्या धुराकडे लक्ष आहे त्याचं!" ते पत्र मीच ओल्या वहीत दाबलं होतं. बाबांना काय सांगणार? करणारीचं नाव नाही आणि गादीवरच्याला हार. पण बाबा त्या दिवशी रडले, आणि त्या रडण्यात काही खोटं नव्हतं.

१९०९च्या फेब्रुवारीत ओतशाळेत एका साच्यात ओल राहिली आणि वितळलेलं लोखंड उडालं. युझेफ मझूर त्याच्यापुढे होता. दोन दिवस तळमळून नऊ तारखेला तो गेला. बायको व्हिक्टोरिया सव्वीस वर्षांची, तीन लेकरं, आणि राहायला कारखान्याचं घर. घराचा नियम सगळ्यांना पाठ होता, माणूस कामावर नाही तर घर नाही. मयताच्या जेवणालाच घरभाडं गोळा करणारा माणूस टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, घाई नाही, पण महिनाअखेरपर्यंत बघा." समोरच्या ताटलीतली कोबी निवत होती आणि हा गृहस्थ महिनाअखेर सांगत होता.

साहेब तेव्हा बोस्टनला हॉस्पिटलात, न्यूमोनियाने. होनोरा दहा तारखेला दिवसभर मझूरच्या घरी बसून होती. अकराला दफन उरकून ती कचेरीत आली, कोटही न काढता यंत्रापाशी बसली आणि एका दमात पत्र टाइप केलं. मी वाचलं.

"प्रिय मिसेस मझूर, तुमच्या नवऱ्याने आमच्यासाठी जे दिलं ते मला परत करता येत नाही. जे माझ्या हातात आहे तेवढं करतो. हे घर तुम्हाला हवं असेल तोवर, तुमचं आयुष्य असेल तोवर, तुमचं आहे. तुमच्या दारावर भाड्यासाठी कुणी येणार नाही. आलाच तर त्याला हे पत्र दाखवा आणि दार लावून घ्या."

खाली सही.

"मिस टियर्नी, साहेबांनी सांगितलं हे?"

"हो."

"कधी?"

"ऑरेली, वही ओली कर."

मी केली. तिने पत्र दाबलं, चाक फिरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब शंभर मैलांवर बेशुद्ध, आणि हिने स्वतःच्या मनाचं पत्र तारखेसकट कंपनीच्या वहीत छापून ठेवलं! पुढे एकदा मी तिला म्हटलं, हे एक तरी सोडायचं होतं. तर म्हणे, "सुचलंच नाही गं. पत्र म्हटलं की ते दाबायचंच."

साहेब बरे होऊन आले. उन्हाळ्यात नदीकाठी कारखान्याची सहल होती, तिथे व्हिक्टोरिया मझूर गर्दीतून वाट काढत आली आणि "घरासाठी, साहेब," म्हणत तिने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. साहेब गोंधळले. तिच्या डोक्यावरून त्यांनी होनोराकडे पाहिलं. होनोरा लिंबाच्या सरबताकडे बघत होती.

"घर गळत नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग बरं."

सोमवारी ते दारात येऊन उभे राहिले. "मझूरबाईला मी पत्र फार चांगलं लिहिलं म्हणतात."

"हो साहेब," होनोरा म्हणाली.

"हं," म्हणाले आणि खाली गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

साहेब १९२४ साली गेले. मुलांना मागाचं वेड नव्हतं, त्यांनी वर्षाच्या आत कारखाना बाहेरगावच्या एका कंपनीला विकला. नव्या मालकांनी मला ठेवलं, होनोराला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. छत्तीस वर्षांत तिची दोन्ही मनगटं कामातून गेली होती. कप धरायचा तर दोन हातांनी. कॅनॉल स्ट्रीटवर वरच्या मजल्यावर एका खोलीत ती राहायची. रविवारी मी सूप घेऊन जायचे. कचेरीत ती कायम मिस टियर्नी. नोकरी सुटल्यावर तिनेच मला होनोरा म्हणायला लावलं. "आता मी कुणाची मिस?" म्हणाली.

१९२६च्या मार्चमध्ये एका रविवारी मी गेले तर तिच्याकडे पाहुणा बसलेला. लॅथ्रॉप नावाचे बोस्टनचे प्राध्यापक, साहेबांच्या पत्रांचं पुस्तक करत होते. घरोघर जाऊन त्यांनी चौकटीतली पत्रं उतरवून घेतली होती. त्यातली ते होनोराला वाचून दाखवत होते. होनोराची वाक्यं, होनोरालाच!

"ऐका हे," प्राध्यापक म्हणाले, "'वळणावरून तुमचा धूर दिसला की...' काय माणूस असेल! यंत्रांच्या नादी लागला नसता तर मोठा लेखक झाला असता. तुम्ही भाग्यवान, मिस टियर्नी. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळालं."

"आणखी चहा घेता?" होनोराने विचारलं.

तो गेल्यावर तिने दोन्ही हातांनी त्याचा रिकामा कप बाजूला सरकवला.

"ऑरेली, मी त्याला सांगणार."

"काय?"

"सगळं. मला मोठेपणा नको, पैसाही नको. पण मी दमलेय गं. आयुष्यभर लिहिलं आणि गावात माझ्या नावाचं एक वाक्य नाही. एकदा एका तरी शहाण्या माणसाला म्हणू दे, हे होनोराने लिहिलं."

तिने तिथेच बसून, दुखऱ्या हाताने, तीन पानी पत्र लिहिलं. मझूरचं पत्रही त्यात सांगून टाकलं. सहीपाशी आल्यावर मात्र अडली. साहेबांचं नाव ती डोळे मिटून लिहायची, आणि स्वतःचं नाव तिने शाळकरी पोरीसारखं एकेक अक्षर जुळवत लिहिलं. "बघ," ती हसली, "मलाच ओळखू येत नाही." पाकीट माझ्याकडे देऊन म्हणाली, "उद्या टाक."

सोमवारी सकाळी पाकीट माझ्या पिशवीत होतं आणि कचेरीत वेगळंच चाललं होतं. नव्या मालकांना मझूरच्या घराची अख्खी ओळ पाडून गोदाम बांधायचं होतं. बाकीची घरं रिकामी झाली, मिसेस मझूर पत्र घेऊन दारात उभी. कंपनीचे वकील मिस्टर प्रुइट माझ्या टेबलापाशी आले. सरळ माणूस होता, तोंडावर गोड आणि मागे सुरी असला नव्हता.

"मिस गान्यों, पत्र थॅक्स्टरांचं असेल तर तो मालकाचा शब्द, कंपनीला पाळावा लागेल. नसेल तर रद्दी. मला जुन्या वहीत नक्कल सापडली, अकरा फेब्रुवारीची. आणि थॅक्स्टर सात ते वीस हॉस्पिटलात होते. बुधवारी मिस टियर्नींना बोलावलंय. शपथेवर सांगतील."

जेवणाच्या सुट्टीत मी चिखल तुडवत कॅनॉल स्ट्रीटला गेले. पत्र टाकलं नाही हेही सांगितलं. होनोराने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

"दे."

"अगं थांब. सही करायची मुभा त्यांनीच दिली होती ना तुला?"

"सहीची दिली होती. घराची नव्हती."

तिने चुलीचं झाकण उचललं आणि पाकीट आत टाकलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, तुझं सूप गरम करू का? असल्या वेळी माझं हे असंच होतं.

बुधवारी साहेबांच्याच जुन्या खोलीत टेबल लावलं होतं. मिस्टर प्रुइट, शपथ देणारा एक म्हातारा नोटरी, भिंतीला टेकून मी. होनोराने रविवारची टोपी घातली होती. बायबलवर हात ठेवून तिने शपथ घेतली.

"हे पत्र तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

"थॅक्स्टर त्या वेळी बोस्टनला होते."

"हो. मी दहा तारखेला कागद घेऊन गाडीने बोस्टनला गेले होते. त्यांनी पलंगावरून सांगितलं."

"एवढे आजारी असताना?"

"आवाज बसला होता. पण सांगितलं."

मिस्टर प्रुइट माझ्याकडे वळले. "मिस गान्यों, दहा तारखेला मिस टियर्नी कचेरीत होत्या का?"

"नव्हत्या," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. ती दिवसभर मझूरकडे होती. माझ्या वाट्याला खरं आलं आणि तिच्या वाट्याला खोटं. ही वाटणी मला आजही टोचते.

वकिलांनी पत्र पुन्हा वाचलं, हळूहळू, मनातल्या मनात. मग चष्मा काढला.

"शेवटचं विचारतो. थॅक्स्टर कमी बोलायचे असं ऐकलंय. या पत्रातला एखादा शब्द तुमचा आहे?"

खिडकीखाली मालगाडीचे डबे जोडत होते, त्याचे धक्के ऐकू येत होते. मला वाटलं, आता सांगते. तिच्या ओठांवर आलं होतं, मी बघितलं.

"एकही नाही," ती म्हणाली. "इथल्या एकाही पत्रातला एकही शब्द माझा नाही. साहेब सांगायचे, मी टाइप करायची."

"असंच सांगायचे? अशा भाषेत?"

"अगदी अशाच."

तिने कागदावर सही केली, तीच शाळकरी सही. मिस्टर प्रुइटनी वही मिटली. "खरं सांगू? मला बरंच वाटलं," ते म्हणाले. "असा मालक मलाही मिळाला असता तर."

पायऱ्या उतरताना मी तिचा दंड धरला. तिला हसवावं म्हणून म्हटलं, "अगं, ते प्रोटेस्टंटांचं बायबल होतं. आपल्या कॅथलिकांत धरत नाहीत."

"ऑरेली, खोटं ते खोटंच. फाजीलपणा करू नकोस."

खाली मिसेस मझूर डोक्याला रुमाल बांधून उभी होती. घर राहिलं असं कळल्यावर ती रडत रडत म्हणाली, "साहेबांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगते. मेल्यावरसुद्धा सांभाळतायत ते आम्हाला."

"सांगा," होनोरा म्हणाली. "चांगला माणूस होता."

त्या रविवारपासून होनोरा प्रसाद घ्यायला वेदीपाशी जायची बंद झाली. कबूल न केलेलं पाप घेऊन आमच्यात तो प्रसाद घ्यायचा नसतो. सगळे उठून रांगेत जायचे, ही बाकावर बसून राहायची. लोक म्हणायचे, बिचारीच्या पायात ताकद नाही. मिसेस मझूर परत येताना तिच्या खांद्याला हात लावून जायची. शेवटी मी विचारलंच.

"फादरपाशी जाऊन पाप सांगून टाक ना. मोकळी होशील."

"नुसतं सांगून भागत नाही. पश्चात्ताप लागतो."

"मग म्हण, झालाय."

"पण झालेला नाही ना," ती म्हणाली. "तिथेही आता खोटं बोलू?"

प्राध्यापकांचं पुस्तक निघालं. मझूरचं पत्र सुरुवातीलाच, सहीच्या छायाचित्रासकट. मी तिला वाचून दाखवलं. तिने मला एकाच ठिकाणी थांबवलं. "इथं त्यांनी शब्द बदललाय. 'दार बंद करा' नव्हतं. 'दार लावून घ्या' होतं." मी म्हटलं, कळवू का त्यांना? ती म्हणाली, "कुणाच्या नावाने कळवशील?"

अशी अकरा वर्षं ती त्या बाकावर बसली. तिचा देवावर फार जीव होता, म्हणून खोटं घेऊन त्याच्यापुढे जाईना; माझ्यासारखीने मांजराच्या तक्रारीसाठीही देवाला उठवलं असतं. १९३७च्या नोव्हेंबरात तिची छाती भरली. फादर किलब्राइड आले, दार लावून अर्धा तास आत होते. ते गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, वाईट वाटतं का? म्हटलं, फादर, दमलेय खूप. वाईट नाही वाटत." तिने डोळे मिटले. "ते बिचारे तसेच बसून राहिले."

फादरनी तिला माफी दिली की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दफनाला माणसं बेताचीच. भावांपैकी एक आला होता. मिसेस मझूर मोठ्या मुलाच्या हाताला धरून चढण चढून आली, कबरीपाशी शेवटपर्यंत थांबली. परतताना ती माझ्याबरोबर चालू लागली. नाक पुसत म्हणाली, "मिस गान्यों, मी त्यांच्या भावाला विचारलं, आठवण म्हणून एखादा कागद द्याल का. तो म्हणाला, काहीच नाही. इतकी वर्षं साहेबांची पत्रं गावाला लिहून दिली बाईंनी, आणि माझ्याकडे त्यांचं एक अक्षर नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं. तिच्या मुलाकडे पाहिलं, तिच्या पायातल्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. त्यांना अजून त्याच घरी जायचं होतं.

"नोकरीत लिहून लिहून दमली होती ती," मी म्हटलं. "स्वतःचं असं काही लिहिलंच नाही तिने."